शेजारच्या घरात बल्ब पेटला आणि...

आज पिकाचं काही लिहीत नाही. वळवाचे दिवस आहेत, वारं सुटलं की लाईट जाते, म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक लिहून ठेवतो. लाज वाटते, पण वाचून एकानं जरी वायर बदलली तरी पुष्कळ झालं.

आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर, बार्शी भागात. डीपीपासून शेवटच्या टोकाला आमची तीन घरं. मागच्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी वादळ झालं. लिंबाची फांदी तारेवर पडली आणि लाईट गेली. आईला दमा आहे. धुळीनं तिचा श्वास भरून आला, मशीननं वाफ द्यायची होती आणि घरात अंधार.

फवारणी पंपाच्या शेजारी छोटा जनरेटर पडून होता. तो काढला. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर होती, एक पिन जनरेटरला आणि दुसरी घरातल्या सॉकेटला लावली. सगळं घर उजळलं. आईचं मशीन सुरू झालं. मला वाटलं, जिंकलो.

पाच मिनिटांत समोरच्या चुलत्यांच्या घरात बल्ब पेटला. काकूंनी अंगणातनं आवाज दिला, "आली रं लाईट!" मीही म्हणलं, आली वाटतं. हे कसं झालं हा विचार डोक्यात आलाच नाही. तेवढ्यात खांबाच्या बाजूनं चट्ट करून मोठी ठिणगी उडाली आणि माझा जनरेटर घुसमटून बंद पडला.

पळत गेलो. वायरमन मामा खांबाखाली उभे होते. ते डीपी बंद करून, फांदी काढून, तुटलेली तार जोडायला वर चढणार होते. चढायच्या आधी त्यांनी बांबूनं तारांवर साखळी टाकली. ही साखळी सगळ्या तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडते. चुकून कुठनं करंट आलाच तर तो साखळीत जातो, माणसात नाही. त्या दिवशी तो आला होता. माझ्या घरातनं.

मामांनी शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "दादा, साखळी गाडीत विसरली आसती तर आज तुमच्या दारात माझी बायको रडत बसली आसती."

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी त्यांच्याकडे जाऊन नीट समजून घेतलं. ते इथं देतो.

डीपी बंद असली तरी आपल्या घराची सर्व्हिस वायर खांबाला जोडलेलीच असते. मेन स्विच न पाडता घरात जनरेटर लावला की करंट मीटरमधनं उलटा बाहेर जातो, खांबावरच्या तारेत. माझा जनरेटर लहान आणि तार डीपीकडून तुटलेली, म्हणून टोकाची तीन घरंच त्याच्यावर होती आणि तो चालत राहिला. तार सलग असती तर करंट डीपीपर्यंत गेला असता. डीपी 11,000 व्होल्टचे 433 करते, पण तिला दिशा कळत नाही. खालनं वीज दिली तर वर हजारो व्होल्ट तयार होतात. तिकडे लाईनवर कोण काम करतंय, आपल्याला दिसतही नाही.

दुसरं, लाईट गेली म्हणजे नेमकं काय गेलं ते आधी बघायला शिकलो. शेजाऱ्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, तर आपला एमसीबी पडला असेल किंवा सर्व्हिस वायर सुटली असेल. काही घरांत आहे आणि काहींत नाही, तर एक फेज गेलाय. अशा वेळी विहिरीवरची मोटर अजिबात चालू करायची नाही, दोन फेजवर गुरगुरते आणि जळते. सगळ्या गावातच अंधार असेल, तर फीडर गेलाय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे बल्ब एकदम प्रखर होतो किंवा एका घरात प्रखर आणि दुसऱ्यात मिणमिणता. तो न्यूट्रल तुटल्याचा खेळ. दोन फेजमधले 400 व्होल्ट घराघरांत वाटले जातात, कुणाला 300 च्या वर, कुणाला 100. टीव्ही, फ्रीज, मोबाईल सगळं जातं. त्या क्षणी एकच काम, मेन स्विच पाडा. मग फोन करा. 1912 हा तक्रारीचा नंबर घराच्या दारावर खडूनं लिहून ठेवा.

डीपीवर स्वतः फ्यूज टाकायला जाऊ नका, हे मी कुणाला सांगावं? आपण सगळेच गेलोय. रात्रीची पाळी असते, पाणी द्यायचं असतं, वायरमनकडे चार गावं असतात. पण ओल्या चपलेनं, बॅटरी तोंडात धरून तिथं उभं राहिलेला माणूस कुणाचा तरी बाप असतो. एक पाळी चुकली तर पीक दोन दिवस सुकेल.

मी काय केलं? ती दोन पिनांची वायर कापून टाकली. इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. त्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाते, एकतर खांबाची लाईट, नाहीतर जनरेटर. दोन्ही एकत्र होऊच शकत नाही. ज्याला तेवढा खर्च नको त्यानं जनरेटर घराला न जोडता मशीनची पिन सरळ जनरेटरलाच लावावी. आणि जनरेटर कायम उघड्यावर, घरात किंवा पडवीत नाही, त्याचा धूर झोपेत माणूस मारतो. आईसाठी बॅटरीवर चालणारं छोटं मशीन आणलं. त्या रात्री खरी गरज तेवढीच होती, सगळं घर उजळायची नव्हती.

परवा मामा मीटर बघायला आले होते. स्विच बघितला, दोनदा खालीवर केला आणि चहा मागितला. आईनं त्यांच्यासाठी दूध जास्त घातलं. ती रात्र तिला अजून सांगितलेली नाही. हे वाचून कुणी सांगू नका.

तुमच्या वस्तीवर जनरेटर किंवा इन्व्हर्टर कसा जोडलाय, आज एकदा बघून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सापडली तर आधी ती कापा, मग खाली लिहा.