तारेचं दुसरं टोक

उत्तर नागपुरात फौज ही घरातली गोष्ट आहे. जरीपटक्याहून कामठी रोडला लागलं की पुढे छावणी आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर. इकडे इंदोऱ्यात आणि आसपासच्या वस्त्यांत महार रेजिमेंटचं नाव आदरानं घेतलं जातं. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली. तिच्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता, आणि ते स्वतः एका सुभेदाराचे चिरंजीव. त्यामुळे त्यांच्या तसबिरीशेजारी वर्दीतला एखादा फोटो दिसला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. मला नवल वाटतं ते याचं, की त्या फोटोतला माणूस तिकडे काय पाहून आला हे घरात कुणालाच धड ठाऊक नसतं.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार काका राहतात. श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेले तेव्हा विशीत होते. फौज सुटल्यावर बँकेत गार्ड म्हणून नोकरी केली, पोरांची लग्नं केली. आमच्या भागात केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा खांबाखांबावर लोंबत असतात. एखादी तुटून खाली आली की आपण पाय उचलून पुढे जातो. काका थांबतात. मग तार नजरेनं धरून चालू लागतात, भिंतीवरून, फांद्यांतून, गच्चीच्या कठड्यावरून, ती कुठल्या घरात शिरते ते दिसेपर्यंत. तेवढं दिसलं की वळतात आणि दूध आणायला निघून जातात.

एकदा न राहवून मी विचारलं. "तिकडं सुरुंगाची तार अशीच दूर कोनाच्या तरी घरात जाये," ते म्हणाले. "दुसऱ्या टोकाले बॅटरी घेऊन पोरगा बसून राहे, भाऊ. माह्याच वयाचा. कधी माह्याहून लहान."

भारत-श्रीलंका करार २९ जुलै १९८७चा. लगेच आपले जवान जाफन्याकडे निघाले, शांतता राखायला. लोकांनी हार घालून स्वागत केलं. ऑक्टोबरात त्याच रस्त्यांवर एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेशी लढाई पेटली. सीमेवरच्या लढाईत निदान शत्रूची वर्दी वेगळी असते, तो कुठल्या बाजूनं येणार हे माहीत असतं. इथे लुंगी नेसलेला, सायकलवरून जाणारा कुणीही शत्रू असू शकत होता आणि नसूही शकत होता. "सकाळी ज्या घरी पानी पेलो, संध्याकाळी तिथूनच गोळी ये," असं काका म्हणतात. माणूस ओळखण्याची जी साधी जाण घेऊन आपण लहानाचे मोठे होतो, ती वयाच्या विसाव्या वर्षी हातातून निसटली तर पुन्हा कशी मिळवायची?

२५ नोव्हेंबर १९८७च्या रात्री ८ महारच्या तुकडीवर घात लावून हल्ला झाला. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढले आणि तिथेच गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या मोहिमेतलं हे एकमेव. त्यांचं शौर्य आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. पण त्या रात्री त्यांच्याबरोबर असलेली, जिवंत परतलेली पोरं पुढची तीस-पस्तीस वर्षं कशी झोपली, हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, लिहायला जड जाणारी. २१ ऑक्टोबर १९८७ला जाफन्याच्या रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मारल्या गेल्या. शिपायाच्या मनावर जे ओझं असतं त्यात त्यानं सोसलेलंही असतं आणि त्याच्या बाजूनं घडलेलंही. पहिल्याला आपण मान देतो. दुसऱ्याबद्दल बोलायला त्याला जागाच ठेवत नाही, आणि मला वाटतं, आत कुजतं ते हेच.

मार्च १९९०मध्ये शेवटची जहाजं निघाली. ११००हून अधिक जवान मारले गेले होते. मद्रासला स्वागताचा कार्यक्रम झाला, त्याला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. ज्या युद्धाला देशात कुणी आपलं म्हणत नव्हतं, त्यातून काका घरी आले. आईनं ओवाळलं. वडिलांनी विचारलं, सुट्टी किती दिवसांची?

शिपायाच्या मनाच्या या दुखण्याची जगाला माहिती नव्हती असं नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९१५मध्येच वरिष्ठांना कळवलं होतं, की शिपाई पत्रांत कविता लिहू लागलेत आणि ही मनाच्या अस्वस्थतेची खूण आहे. तिकडे व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यामुळे १९८०मध्ये पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मनात राहून गेलेला ताण, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत आलं. काका जाफन्यात उतरले तेव्हा त्या निदानाला सात वर्षं झाली होती. आमच्या गल्लीपर्यंत ते अजून पोचलेलं नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय इथून फार लांब नाही, कोराडी रोडवर. पण लोक त्याला अजून पागलखानाच म्हणतात, आणि हवालदाराच्या घरचं माणूस तिथल्या फाटकातून आत जाताना दिसणं म्हणजे पोरीच्या लग्नाची पंचाईत.

१ डिसेंबर २०२३ला पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात, एएफएमसीत, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा सैन्यदलांसाठी खास कक्ष सुरू झाला. फोन केला की समुपदेशक बोलतात, फाटक ओलांडावं लागत नाही. मी काकांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, १४४१६ हा टेलिमानसचा नंबर डायरीत उतरवून घेतला.

"माह्यासाठी नाही," म्हणाले, "पुतण्यासाठी. अग्निवीर झाला ना तो."

मी म्हटलं, काका, आधी तुम्ही लावून बघा, म्हणजे त्याला सांगता येईल कसं असतं ते. अजून लावलेला नाही. मी भेटलो की विचारतो.