चौकशी कोणी मागावी?

'चौकशी' हा शब्द मराठीत खरे म्हणजे मोठा मानाचा असायला हवा होता. चौकस मुलाचे आपण कौतुक करतो. आजारी माणसाच्या घरी जाऊन चौकशी केली नाही, तर नातेवाइकांत बोल लागतो. आणि स्थळाची चौकशी न करता मुलीचे लग्न ठरवणाऱ्या बापाला तर चार माणसे वेड्यातच काढतात. पण हाच शब्द सरकारी कागदावर चढला की त्याची चर्या पालटते. 'त्यांच्यामागे चौकशी लागली आहे' असे कोणी हलक्या आवाजात म्हटले, की ऐकणारा आपोआप दोन पावले मागे सरकतो. आणि निवडणुकीच्या संदर्भात तो उच्चारला, तर मग विचारूच नका! समोरचा माणूस तुमचा मुद्दा पाहत नाही. तो तुमचा पक्ष पाहतो.

या शब्दाची ही सारी रूपे मला पाहायला मिळाली ती आमच्या सावेडीतल्या दोन वडीलधाऱ्या गृहस्थांमुळे. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळी कॉलनी 'गुरुजी' म्हणते. दुसऱ्यांची हयात साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेली, ते 'भाऊसाहेब'. दोघांच्या घरी दोन निरनिराळी वर्तमानपत्रे येत आणि दुपारच्या चहाला त्यांची अदलाबदल होई. दोघांचे पक्ष वेगळे, हे सांगायला नकोच. नगर जिल्ह्यात दोन माणसांचे पक्ष एक असणे हाच योगायोग. कारण येथे कारखाना, दूधसंघ, पतसंस्था, सोसायटी आणि शिक्षणसंस्था यांच्या निवडणुका बाराही महिने चालू असतात, आणि माणूस कोणत्या गटाचा हे त्याच्या गावावरून निम्मे आणि त्याच्या उसावरून निम्मे कळते.

४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. आमच्या मतदारसंघात नीलेश लंके यांनी सुजय विखे पाटील यांचा २८,९२९ मतांनी पराभव केला. त्याच वर्षीच्या २६ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने एक नवी वाट मोकळी केली होती. निकालानंतर सात दिवसांच्या आत दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागणी केली, तर प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच टक्क्यांपर्यंत मतदानयंत्रे तपासून घेता येतील, अशी ती वाट. खर्च मात्र मागणाऱ्याचा. एका संचाला चाळीस हजार रुपये आणि वर अठरा टक्के कर. विखे पाटील यांनी चाळीस केंद्रांवरच्या यंत्रांची तपासणी मागितली. देशभरातून आठ मतदारसंघांतून असे अर्ज गेले. अर्जदारांत केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचे उमेदवार होते, तसेच विरोधी पक्षांचेही होते.

त्या आठवड्यात गुरुजी कट्ट्यावर ठामपणे सांगत होते, "यंत्र तपासायला हरकत काय? ज्याच्या मनात पाप नाही, त्याने भिऊ नये." भाऊसाहेब हसून म्हणत, "नाचता येईना, अंगण वाकडे."

पुढे पाच महिने गेले. मधल्या काळात नगरचे अहिल्यानगर झाले. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला आणि जिल्ह्यातल्या बारांपैकी दहा जागा महायुतीकडे गेल्या. संगमनेरातून १९८५ पासून सतत निवडून येणारे बाळासाहेब थोरात अमोल खताळ यांच्याकडून १०,५६० मतांनी पराभूत झाले. थोरातांसह जिल्ह्यातल्या अनेक पराभूत उमेदवारांनी यंत्रांच्या पडताळणीसाठी अर्ज केले. आता भाऊसाहेब कट्ट्यावर म्हणू लागले, "यंत्र तपासायला हरकत काय? ज्याच्या मनात पाप नाही, त्याने भिऊ नये." आणि गुरुजी हसून अंगण वाकडे असल्याचे सांगू लागले.

मी दोन्ही ऋतूंत तेथे हजर होतो. संवाद तोच, एका शब्दाचाही फरक नाही. केवळ पात्रांनी जागा बदलल्या होत्या. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला आणखी एक मौज दिसली. निवडून आलेला माणूस नेहमी कर्तरी प्रयोगात बोलतो: 'आम्ही जिंकलो.' पडलेला मात्र कर्मणीत जातो: 'आम्ही पाडले गेलो.' गंमत अशी, की पाच महिन्यांत प्रयोग बदलतात आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. याच सुमारास, २६ नोव्हेंबरला, मतपत्रिका परत आणण्याची मागणी करणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. तेव्हा न्यायमूर्तींनीही हेच बोलून दाखवले, की जिंकलात तर यंत्र चांगले आणि हरलात तर बिघडलेले, असे कसे?

न्यायमूर्तींचा चिमटा योग्यच होता. पण त्यावर हसून झाल्यावर मला वाटले, हरलेल्यानेच तक्रार करायची नाही, तर करायची कोणी? जिंकलेला तर करणार नाही. तेव्हा तक्रार करणारा पडलेला आहे, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, आणि खरीही ठरत नाही.

याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे यशवंतराव गडाख निवडून आले आणि अपक्ष उभे राहिलेले बाळासाहेब विखे पाटील पडले. विखे पाटील उच्च न्यायालयात गेले. प्रचारसभांत प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केली, हे कायद्याच्या भाषेतले भ्रष्ट आचरण, असा मुख्य आरोप होता. त्या वेळीही 'पडलेल्या माणसाची चडफड' म्हणणारे थोडे नव्हते. पण १९९३ साली उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम केले. त्याच निकालाने शरद पवार यांच्यावर आलेला ठपका मात्र पुसला गेला. १९९४ मध्ये पोटनिवडणूक झाली. म्हणजे एकाच चौकशीने एकाची निवड गेली आणि दुसऱ्याच्या नावावरचा डाग गेला. चौकशी दोन्ही कामे करते, हे आपण विसरतो. पुढे या वादातल्या दोन्ही मुख्य गृहस्थांची आत्मकथने प्रसिद्ध झाली: गडाखांचे 'अर्धविराम' आणि विखे पाटलांचे 'देह वेचावा कारणी'. आमच्या ग्रंथालयात दोन्ही एकाच कपाटात, काही बोटांच्या अंतरावर उभी आहेत आणि अजून तरी त्यांचे भांडण झालेले नाही.

आता त्या खटल्याची दुसरी बाजू. निवडणूक याचिका निकालानंतर पंचेचाळीस दिवसांत दाखल करावी लागते, आणि ती शक्यतो सहा महिन्यांत निकालात काढावी अशी कायद्याची अपेक्षा आहे. १९९१ चे प्रकरण शेवटास जायला जवळजवळ अडीच वर्षे लागली. या दिरंगाईत दोन गोष्टी घडतात. पडलेल्याचा संशय पिकून त्याची श्रद्धा होते, आणि निवडून आलेल्याचा आनंद आंबून त्याची चीड होते. मग पुराव्याची गरज कोणालाच राहत नाही.

श्रद्धा आणि चीड यांची गाठ पडली की काय होते, ते मी कट्ट्यावर पाहिले. एका संध्याकाळी भाऊसाहेब म्हणाले, "तुमची सत्ता चोरीची आहे." गुरुजी उठून उभे राहिले. "म्हणजे मी रांगेत उभे राहून दिलेले मत चोरीचा माल काय?" त्यावर त्यांनीही भाऊसाहेबांना असा एक शब्द वापरला, की जो देशाच्या शत्रूसाठी राखून ठेवावा. दोघेही दुखावले, आणि माझ्या मते दोघांचेही दुःख खरे होते. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांची अदलाबदल थांबली. पुढे पावसाळ्यात भाऊसाहेबांच्या पत्नी आठ दिवस इस्पितळात होत्या. सारी कॉलनी जाऊन आली. गुरुजी गेले नाहीत. "मी गेलो तर त्यांना वाटेल, मीच माघार घेतली," असे ते मला म्हणाले. यंत्राची चौकशी व्हावी की न व्हावी या वादात माणसाची चौकशी राहून गेली. सर्वोच्च न्यायालयाला याची नोंद घेता येणार नाही, पण माझ्या लेखी या सगळ्या प्रकरणातले मोठे नुकसान हेच.

पक्षांचे काय, त्यांचे चालतेच! आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. तालुक्यातून उत्तमराव जानकर निवडून आले होते. पण या गावात त्यांना मिळालेली मते गावकऱ्यांच्या एका गटाला पटली नाहीत. प्रशासनाने जमावबंदी लावली, बेत रद्द झाला आणि गुन्हे मात्र दाखल झाले. मला दोन्ही पक्षांचे काही पटले नाही. गावाने आपले आपण घेतलेले मतदान ही चौकशी नव्हे. कोणाचे मत कोणाला, हे त्यात चावडीवर आले असते आणि गुप्त मतदान म्हणतात तेच नाहीसे झाले असते. पण जमावबंदीने जमाव पांगतो, संशय पांगत नाही.

पुढच्या वर्षी यंत्रांची जागा मतदारयाद्यांनी घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत शिर्डीचे नाव घेतले आणि एकाच इमारतीत सात हजारांच्या आसपास नवे मतदार नोंदले गेल्याचा आरोप केला. दुसऱ्या बाजूने तो साफ नाकारला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत 'सत्याचा मोर्चा' काढला, त्याच दिवशी भारतीय जनता पक्षाने गिरगाव चौपाटीवर मूक आंदोलन केले. विरोधकांना दुबार नावे सत्ताधाऱ्यांच्या मतदारसंघांत सापडत होती, आणि सत्ताधाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा त्यांना ती विरोधकांच्या मतदारसंघांत सापडली! दुबार नाव खरे तर दोन्ही ठिकाणी असते. म्हणूनच त्याला दुबार म्हणतात. अखेर राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संशयित दुबार नावांपुढे दोन तारे छापायचे ठरवले.

या सगळ्यावर माझा एक साधा उपाय आहे, आणि तो माझ्या धंद्यातला आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकांचे नियमन होते. मी तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका दुसरा प्राध्यापक पुन्हा पाहतो. त्यात नापास झालेल्यांच्या असतात, तशा पहिल्या वर्गात आलेल्यांच्याही असतात. कोणी मागणी केली म्हणून तो पाहत नाही. पाहायच्या असतातच म्हणून पाहतो. मला त्याचा राग येत नाही, आणि उत्तीर्ण विद्यार्थी 'आमच्या गुणांवर संशय घेतला' म्हणून मोर्चा काढत नाहीत. पतसंस्थेचे लेखापरीक्षण दरवर्षी होते, ते सचिव चोर आहे म्हणून नव्हे. जी चौकशी सर्वांची आणि नेहमीची असते, तिच्यात कोणाचा अपमान नसतो.

आणि हे अगदीच नवे नाही. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या चिठ्ठ्या सोडतीने निवडून मोजल्या जातात. २०२४ च्या विधानसभेत महाराष्ट्रभर अशा १,४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्रातल्या आकड्यांशी जुळल्या, असे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. पाच थोड्या वाटत असतील तर त्या वाढवाव्यात. तो वाद करण्यासारखा आहे. पण आमच्या नगरपालिका, महानगरपालिकांच्या निवडणुकांत ही चिठ्ठीही नसते. जेथे दोनचार मतांनी नगरसेवक निवडून येतो, आणि जेथे हरलेला व जिंकलेला एकाच नळावर पाणी भरतात, तेथेच ही सोय नाही. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांचे मुख्य मतदान २ तारखेला झाले. कोपरगावसह काही ठिकाणचे २० तारखेवर गेले, आणि न्यायालयाच्या आदेशाने सगळी मोजणी २१ ला झाली. मधल्या थंडीत ठिकठिकाणी कार्यकर्ते यंत्रांच्या खोल्यांबाहेर शेकोट्या पेटवून पहारे देत होते. त्यांना हसावे असे मला वाटले नाही. नियमाने द्यायचा विश्वास ती मुले रात्री जागून मिळवू पाहत होती.

मी स्वतः मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. पहाटे, मतदानाच्या दीड तास आधी, सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते टाकून यंत्र तपासायचे असते. मग ती पुसून मोहोर लावायची. संध्याकाळी मतदान संपले की किती मते पडली याचा हिशेब नमुना १७-क मध्ये लिहून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. मोजणीच्या दिवशी तो आकडा यंत्राशी ताडून पाहता येतो. कोट्यवधी रुपयांच्या संशयाला पुरून उरेल असा हा एक कागद. आणि त्या दिवशी संध्याकाळी तो घ्यायला माझ्यापुढे उभा होता एकच तरुण. बाकीचे जेवणाच्या ओढीने पांगले होते. जे पहाटे आले नाहीत आणि संध्याकाळी थांबले नाहीत, त्यांचेच पक्ष पुढे महिनाभर ओरडतात किंवा ओरडणाऱ्यांना हसतात.

तेव्हा चौकशी कोणी मागावी? पडलेल्याने मागितली तर तो त्याचा हक्क आहे. पण माझे मत विचाराल, तर ती निवडून आलेल्याने मागावी. गुलाल धुऊन झाल्यावर त्याने अधिकाऱ्याकडे जाऊन म्हणावे, 'साहेब, तुम्हांला वाटतील ती केंद्रे काढा आणि माझ्या प्रतिस्पर्ध्यासमोर मोजा.' त्याचे यात काही जाणार नाही. जे त्याच्या बाजूने उभे राहिले त्यांच्या मताला कोणी चोरीचा माल म्हणणार नाही, आणि जे विरुद्ध उभे राहिले त्यांना पाच वर्षे मनात काटा घेऊन फिरावे लागणार नाही. असा उमेदवार मला अजून भेटलेला नाही. भेटला, तर पक्ष न विचारता माझे मत मी त्याला देईन.