आवाज केव्हापासून?

वऱ्हाडातला उन्हाळा माणसांची परीक्षा घेतो, तशी ती यंत्रांचीही घेतो. एप्रिल सरत आला की पारा ४३-४४ अंशांवर जाऊन बसतो आणि दुपारच्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत येथील शेतकऱ्याचा कान फार तल्लख होतो. दूरच्या विहिरीवर चाललेल्या मोटारीचा सूर जरासा बदलला, की पाणी तळाला गेले हे तो बांधावर बसल्या बसल्या सांगतो. यंत्र बोलते, आणि ज्याचे पोट त्या यंत्रावर अवलंबून असते त्याला त्याची भाषा कळते.

आम्हां धर्मगुरूंचे पोट गाडीवर अवलंबून नसते, हे खरे. परंतु आमची सेवा मात्र असते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुक्यांचे हे क्षेत्र. त्यात आपली घरे विखुरलेली. चार येथे, दोन तेथे. एखाद्या रविवारी तीन ठिकाणी मिस्सा करायचा, मध्यरात्री निरोप आला तर रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन निघायचे, म्हणजे गाडी ही चैन राहत नाही. म्हणूनच यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मिशनच्या जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटखालून घरघर ऐकू येऊ लागली, तेव्हा तिच्याकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. आवाज पंख्याचा होता, एवढे मलाही कळत होते.

इंजिनातल्या पंख्याचे काम साधे आहे. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, उतरतो. पंप ते पाणी फिरवतो, रेडिएटर ते थंड करतो, आणि रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढून घेण्याचे काम पंखा करतो. गाडी वेगात असली म्हणजे समोरची हवाच पुरेशी होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर भरधाव जाताना पंख्याचे महत्त्व जाणवतसुद्धा नाही. ते जाणवते बाजाराच्या दिवशी, सोयाबीनने भरलेल्या ट्रॅक्टरमागे किंवा लग्नाच्या वरातीत अडकल्यावर. वारा थांबला की पंख्याची कसोटी लागते.

गाडी मी नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. कडुनिंबाच्या सावलीत पत्र्याची एक खोली, एवढेच त्याचे गॅरेज. माझी अपेक्षा होती की तो लगेच बॉनेट उघडील. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. डबड्यावर बसून त्याने विचारले, “फादर, आवाज कवापासून येते?”

“चार-पाच दिवस झाले,” मी म्हणालो.

“सकाळी चालू केल्याबरोबर येते का तापल्यावर? उभ्या गाडीत येते का चालत्या? एक्सलेटर दाबला तं वाढते का तसाच राहते?”

प्रश्नांची ही मालिका संपेपर्यंत पाच मिनिटे गेली. या प्रत्येक प्रश्नामागे काय होते, ते त्याने पुढे काम करता करता सांगितले, आणि घरी गाडी असणाऱ्या वाचकांनाही ते उपयोगी पडावे म्हणून येथे नोंदवतो.

सकाळी गाडी सुरू केल्यावर मिनिटभर पंख्याचा मोठा वारा ऐकू यावा आणि मग तो आपोआप निवावा, हा पुष्कळ डिझेल गाड्यांत दोष नसतो. पंख्याच्या क्लचमध्ये घट्ट तेल असते. ते रात्रभर एका ठिकाणी साचते आणि फिरू लागल्यावर जागेवर जाते. मात्र इंजिन थंड असो वा गरम, वेगाबरोबर वाढत जाणारा सोसाट्याचा आवाज कायम राहिला, तर क्लच जाम झाला असे समजावे. टकटक असा ठोका येत असेल तर एखादे पाते भोवतीच्या कव्हरला घासत असते; कव्हरचा बोल्ट ढिला झालेला असतो, इंजिनाचे रबर बसलेले असते किंवा एखादी काटकी अडकलेली असते. कुईकुई असे किंचाळणे बहुधा पट्ट्याचे. त्यावर थोडे पाणी शिंपडल्याने आवाज क्षणभर बदलला, तर संशय पट्ट्यावरच जातो. आणि कोरड्या जात्यासारखी घरघर असेल, तर कुठले तरी बेअरिंग गेले आहे. विजेवर चालणाऱ्या पंख्याची गोष्ट वेगळी. तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला नसतो. पाणी तापले किंवा ए. सी. लावला म्हणजे तो सुरू होतो आणि कित्येक गाड्यांत किल्ली काढल्यावरही अचानक फिरू लागतो. म्हणून त्याच्या पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असते आणि झाकण निघताच ते अंगावर उसळते.

आमची घरघर कोरड्या जात्याची होती. मिस्त्रीने एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक चालू इंजिनाच्या एकेका भागावर फिरत्या पात्यांपासून जपून टेकवले आणि मूठ कानाशी धरली. अल्टरनेटर ऐकला, मग पंप ऐकला. नंतर इंजिन बंद करून पट्टा काढला आणि काही सेकंदच गाडी सुरू केली. घरघर नाहीशी झाली. म्हणजे आवाज इंजिनाच्या आत नव्हता, पट्टा ज्यांना फिरवतो त्यांच्यापैकीच कोणाचा तरी होता. पुन्हा बंद करून त्याने पंखा हातात धरून मागे-पुढे हलवला. दांडा किंचित खेळत होता. शेवटी त्याने पंपाच्या खालच्या बारीक छिद्राजवळ बोट फिरवले आणि मला दाखवले. बोटावर वाळलेल्या कूलंटचा हिरवट डाग होता.

“पंखा बिचारा चांगला हाय, फादर,” तो म्हणाला. “पंपाचं बेअरिंग गेलं. पंखा त्याच्याच दांड्यावर बसते, म्हणून तो बोंबलते.”

मी म्हटले, “म्हणजे इतके दिवस आम्ही उगाच पंख्याला दोष देत होतो तर.”

“बोंबलला म्हणून तं तुम्ही आले. चूप राहिला असता तं पातूरच्या घाटात उभे राहिले असते.”

ही दोन वाक्ये ऐकून मला सेमिनरीतील वर्गांची आठवण झाली. वैद्यकाच्या इतिहासात लेनेक या फ्रेंच डॉक्टरांचे नाव आदराने घेतले जाते. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या हृदयाची तपासणी करायची होती. छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक रुग्णाच्या छातीवर व दुसरे कानाशी धरले, आणि हृदयाचे ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. तोच पहिला स्टेथोस्कोप. १८१९ साली त्यांनी या श्रवणविद्येवर ग्रंथ लिहिला आणि १८२६ साली क्षयाने त्यांचे निधन झाले. लेनेक हे निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्या सुरळीत आणि आमच्या मिस्त्रीच्या पेचकसात तत्त्वतः काहीच अंतर नाही. दोन्ही साधने आवाज कमी करत नाहीत. तो कुठून येतो, ते सांगतात.

संत इग्नाशिअस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथाला १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. आत्म्यांची पारख कशी करावी याचे नियम त्यात आहेत, आणि त्यांतील एका नियमात थेंबाची उपमा आहे. देवाच्या दिशेने चाललेल्या माणसात चांगली प्रेरणा स्पंजात थेंब मुरावा तशी शिरते आणि वाईट प्रेरणा दगडावर थेंब आदळावा तशी आवाज करते. माणूस उलट दिशेने चालला असेल तर हा क्रमही उलटतो. विद्यार्थिदशेत हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा अर्थ मात्र व्यावहारिक आहे. नुसत्या आवाजावरून काही ठरत नाही आणि नुसत्या शांततेवरूनही नाही. आधी गाडी कोणत्या दिशेने चालली आहे, ते पाहावे लागते.

वाचकहो, गाडीची ही कथा येथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती. परंतु पंप बदलून गाडी परत आली त्याच आठवड्यात मला आपल्या एका घराची आठवण होऊ लागली. पुढे जे लिहितो ते त्या कुटुंबाच्या संमतीने लिहितो, आणि ओळख पटेल असे काही त्यात ठेवलेले नाही. त्या घरचा कर्ता कोरडवाहू शेतकरी, आणि आमच्या धर्मग्रामातला सर्वांत तक्रारखोर गृहस्थ म्हणून प्रसिद्ध. सोयाबीनचा भाव, शेताला रात्रीच मिळणारी वीज, माझ्या प्रवचनांची लांबी, यांपैकी कशालाही त्याची वाणी सोडत नसे. काही महिन्यांपासून तो शांत झाला होता. मिस्साला येई, शेवटच्या बाकावर बसे आणि कोणाशी न बोलता निघून जाई. त्याची पत्नीही एकदा समाधानाने म्हणाली होती, “फादर, आता पहिल्यासारखी चिडचिड नाही त्यांची.”

हा तोच भाग आहे, ज्याची नोंद देशाने २००६ साली घेतली. त्या वर्षी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली आणि त्या सहांत वाशीम होता. या मातीत कष्टकऱ्याची शांतता सहज घेण्यासारखी नसते. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो आणि अंगणातल्या बाजेवर बसलो. उपदेश केला नाही. मिस्त्रीचेच प्रश्न विचारले. झोप केव्हापासून लागत नाही? सकाळी जास्त जड वाटते की रात्री? शेतात असताना की घरी आल्यावर? पहिले दोन दिवस त्याने चहापुरतेच शब्द खर्च केले. तिसऱ्या दिवशी तो बोलला. बँकेचे कर्ज जुने होते, त्याची त्याला सवय झाली होती. खाजगी देणे नवे होते, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती. त्यापलीकडचे जे त्याच्या मनात येत होते, तेही त्याने सांगितले.

नंतरची कामे साधी होती, पण ती त्याच आठवड्यात व्हायला हवी होती. फवारणीचे औषध त्याच रात्री घरातून हलवून मेहुण्याकडे ठेवले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. घरातल्या सर्वांना देण्याचा आकडा कळला. पत्नी रडली, मग तिनेच वही काढून हिशेब मांडला. रात्री-अपरात्री मन घाबरले तर बोलायला ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे, तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. प्रत्येक घरात तो लिहिलेला असावा, अशी माझी विनंती आहे.

बार्तिमयाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. यरिहोच्या वाटेवर तो आंधळा भिकारी मोठ्याने हाका मारू लागला, तेव्हा त्याला गप्प बसवणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांना वाटेवर शांतता हवी होती, इतकेच. तो गप्प बसला नाही, आणि म्हणून प्रभू थांबला. थांबल्यावर प्रभूने त्याला काय हवे आहे, ते आधी विचारले. समोरचा आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत असूनही विचारले. आपल्या घराघरांतून बोंबलणारा कोणी ना कोणी असतो. कुठे तरुण मुलगा, कुठे सून, कुठे म्हातारे वडील. त्यांना गप्प करणे सोपे असते. आवाज त्यांच्या तोंडून येतो, म्हणून दोष त्यांच्यातच असतो असे नाही. कुणाच्या दांड्यावर ते बसले आहेत, हे पाहायला थोडे वाकावे लागते आणि बोटाला डाग लागू द्यावा लागतो.

आमच्या त्या शेतकऱ्याचे देणे अजून फिटलेले नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर त्याने पेरणी केली. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो सरळ माझ्याकडे आला आणि चारचौघांसमोर म्हणाला, “फादर, प्रवचन आज पंचवीस मिनिटं झालं. लोकायले शेतात जायचं असते, थोडं ध्यानात ठेवत जा.” मंडळी ओशाळून माझ्याकडे पाहू लागली. मला मात्र त्या दिवशी तो आवाज फार गोड वाटला.