वणव्यात जळालेले कागद

काशीमिऱ्याच्या डोंगरावर होळीच्या सुमाराला दरवर्षी कुठे ना कुठे धूर दिसतोच. पण कारवी २०२४ मध्ये फुलली, त्यानंतरचा उन्हाळा वेगळा होता. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. तिचे वाळलेले दांडे उतारभर उभे होते. वणवा संजय गांधी उद्यानाच्या कडेने खाली आला आणि मी जिथे मुलांना शिकवायला जाते त्या पाड्यातली काही घरं घेऊन गेला. बंब खालच्या रस्त्यावरच थांबला, वर वाटच नाही. वनखात्याची माणसं आणि पाड्यातली पोरं हिरवे डहाळे घेऊन रात्रभर आग झोडपत होती. ‘आदिवासीच आग लावतात’ असं आमच्या सोसायट्यांत सर्रास बोललं जातं. मला त्याचा संताप येतो.

घरं लवकर उभी राहिली. उद्यानातली काठी तोडायला बंदी, म्हणून जव्हारकडच्या सोयऱ्यांनी टेम्पोतून कारवी आणली. काठ्या उभ्या लावून, आडव्या कांबींना काथ्याने आवळून कूड बांधला. मग बायका बसल्या. शेण, माती आणि भाताचं तूस पायाने तुडवून एकजीव करायचं आणि हाताच्या तळव्याने कुडावर थापायचं, आतून एक लेप, बाहेरून एक. पहिला लेप वाळताना तडकतो, दुसऱ्याने तडे बुजतात. मीही हात लावला.

भिंतीपेक्षा कागद उभे करणं अवघड निघालं. पत्र्याच्या पेटीत ठेवलेले जातीचे दाखले, रेशनकार्डं, वनहक्काच्या दाव्याची कागदपत्रं, सगळ्याची राख झाली होती. आधार पुन्हा मिळतं. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो, आणि तो दाखवणाऱ्या जुन्या पावत्या कुठून आणायच्या? पोरीचा दाखला नसेल तर तिच्या कॉलेजच्या प्रवेशाचं काय?

कायद्याच्या नियमांतच एक वाट आहे. गावातल्या वयस्कर माणसांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. विहीर, स्मशान, देवाचं ठाणं, हेही धरलं जातं. म्हणून आम्ही एका आजींजवळ वही घेऊन बसलो. दाव्यात ज्यांचं नाव नाही अशाच माणसाचा जबाब लागतो, आणि आजींचा दावा नव्हता. कोणाचं खाचर कुठे, विहीर कोणी खणली, वाघोबाचा दगड कुठल्या झाडाखाली, त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. मध्येच थांबून म्हणाल्या, “नीट लिही गं, माझ्यानंतर सांगणारं कोण नाही.” शेवटी त्यांनी अंगठा उठवला.

दावा अजून चालू आहे. दाखले काहींचे आले, काहींचे यायचेत.

पुढचा वणवा पसरू नये म्हणून पावसाळ्यानंतर गवत वाढलं की जाळरेषा काढाव्या लागतात. हे काम पाड्यातल्या लोकांनाच मजुरीवर द्यावं, असं माझं ठाम मत आहे. डोंगर त्यांना पाठ आहे. आणि मीरा रोड-भाईंदरच्या वाचकांना एक विनंती. खिडकीतून जंगलाच्या बाजूला धूर दिसला तर व्हिडिओ काढण्याआधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मदत न्यायची असेल तर कपडे आणि भांडी पुष्कळ जमतात. पाड्यावर अर्ज भरून देणारी, तहसील कचेरीत सोबत येणारी माणसं कमी पडतात, तेवढं या.