शून्य बरोबर शून्य

हुडकेश्वरला आमच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी दहावीची शिकवणी घेतो. परवा पुस्तक बाजूला ठेवून मुलांना भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं एक उदाहरण घातलं. बाराव्या शतकातलं. दोन मित्र. पहिला म्हणतो, तू मला 100 दे, मग माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला 10 दे, माझ्याकडे तुझ्या सहापट होतील. कोणाकडे किती?

पहिल्याचे एक्स, दुसऱ्याचे वाय. पहिल्या वाक्यातून एक्स = 2वाय − 300. आता एक्सच्या जागी हे ठेवायचं.

“दादा, एक्स एवढासा होता, त्याच्या जागी हे लांबलचक काऊन लिहायचं?” एकीने विचारलं. एक अज्ञात कमी होतो म्हणून. दुसऱ्या वाक्यात ठेवलं की वाय + 10 = 6(2वाय − 310). 11 वाय = 1870. वाय 170, एक्स 40.

भास्कराचार्य तर दुसरा अज्ञात न घेताही हे सोडवून दाखवतात. पहिल्याचे 2 यावत्तावत् उणे 100, दुसऱ्याचे 1 यावत्तावत् अधिक 100. शंभराची देवघेव झाली की दुप्पट आपोआप होते. उरतं एकच समीकरण, यावत्तावत् 70. मला हे फार आवडतं.

एका पोराने मात्र एक्सची किंमत पहिल्याच वाक्यात परत ठेवली. सगळं कटून शून्य बरोबर शून्य. “दादा, बरोबरच आलं ना?”

बरोबरच येणार. जिथून काढलं तिथेच ठेवलं, तर ते कधीच चूक येत नाही. आणि उत्तरही येत नाही.

रात्री ते डोक्यातून जाईना. हा प्लॉट बाबांनी आणि काकांनी मिळून घेतला होता. “त्यानं माझ्या निम्मेच टाकले अन् हिस्सा अर्धा मागतो,” हे बाबांचं वाक्य. त्यावरून काका कसे, ते मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं. मग काका लग्नाला आले नाहीत, दिवाळीला आले नाहीत. दरवेळी ते बाबांच्या वाक्यात ठेवून पाहिलं, दरवेळी जुळलं. काका राहतात मानेवाड्याला, गाडीने दहा मिनिटं. नऊ वर्षांत गेलो नाही.

सकाळी फोन लावला.

“काका, प्लॉटचं तुमचं म्हणणं काय होतं?”

बराच वेळ पलीकडे नुसता टीव्हीचा आवाज.

“बाबाले सांगून फोन केला का?”

“नाही.”

“वही आहे का जवळ?” काका म्हणाले. “घे लिहून.”