१६ दिवसांत ४०,००० एकर

अमेरिका म्हटलं की आपल्या होस्टेलवर विषय तीनच : जीआरई, व्हिसा आणि लोन. मी आज ज्या अमेरिकन माणसाबद्दल लिहिणार आहे, त्याला यातलं लोन तेवढं कळलं असतं, आणि तेही देणाऱ्याच्या बाजूने!

विल्यम कूपर. जन्म १७५४, पेनसिल्व्हेनियातल्या साध्या क्वेकर घरात. शाळा यथातथाच. आधी गाड्यांची चाकं बनवायचा (मेकॅनिकलवाल्यांनो, हा तुमचा माणूस), मग न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला दुकान टाकलं. तिकडे न्यूयॉर्क राज्यात ओट्सेगो तळ्याकाठी नुसतं जंगल. मुलूख मुळात इरोक्वॉय लोकांचा. पुढे तो जॉर्ज क्रोगन या व्यापाऱ्याच्या नावावर चढला, क्रोगन कर्जात बुडाला आणि १७८६ साली कूपरने ती जमीन लिलावात घेतली. त्याच मे महिन्यात त्याने विक्री उघडली. त्याच्याच सांगण्याप्रमाणे १६ दिवसांत ४०,००० एकर गेले, आणि घेणारे सगळे गरिबातले गरीब.

गरिबांकडे पैसे कुठून आले? नव्हतेच! आजूबाजूचे बडे जमीनदार कुळं ठेवायचे. कूपरने जमीन सरळ विकली, उधारीवर, लांबच्या मुदतीने. माणूस स्वतःच्या जमिनीवर जसा राबतो तसा दुसऱ्याच्या जमिनीवर राबत नाही, हा त्याचा साधा हिशोब. मला तो पटतो.

पण १७८९ला दुष्काळ पडला. लोक रानातली कंदमुळं खाऊ लागले. कूपरने सरकारकडून मका मिळवला. त्यात सस्क्वेहाना नदीत हेरिंग मासे आले, ते फांद्यांच्या जाळ्या विणून धरले आणि मीठ लावून घरोघरी वाटले. आपल्या मेसला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

रोख नाही, तर वसुली कशी? जंगल जाळून झालेल्या राखेची पोटॅश आणि मेपलच्या झाडाची साखर, हे त्याचं दुकान घ्यायचं. मेपलच्या साखरेचं तर त्याला वेडच लागलं होतं. गुलामांच्या घामातून आलेल्या उसाच्या साखरेला ही पर्याय ठरेल, असं त्या काळी बऱ्याच भल्या माणसांना वाटे. प्रत्यक्षात साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा कुठे एक लिटर पाक मिळतो. धंदा बसला.

आता दुसरी बाजू. १७९२च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत हा कौंटीचा जज्ज, आणि आपल्याच कर्जदारांवर मतांसाठी दबाव आणल्याचा आरोप त्याच्यावर झाला. ओट्सेगोची मतं शेवटी मोजलीच गेली नाहीत, आणि त्याचा उमेदवार जॉन जे थोडक्यात पडला. हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्या लोनच्या कागदांवर जामीनदार म्हणून बाबांची सही आहे. बँक निदान मत तरी मागत नाही! पण समोर ओळखीचा माणूस असता, ज्याने दुष्काळात आपल्याला मका दिला, तर बाबा 'नाही' म्हणू शकले असते का? मला खरंच सांगता येत नाही.

कूपर दोनदा काँग्रेसवर निवडून गेला आणि डिसेंबर १८०९मध्ये वारला. पोरांना वाटलं, गडगंज इस्टेट मिळाली. वह्या उघडल्यावर दिसलं की देणी आणि दावेच जास्त. काही वर्षांत जमिनी गेल्या, राहतं मोठं घरही गेलं. धाकटा जेम्स मग कादंबऱ्या लिहू लागला, आणि १८२३च्या 'द पायोनियर्स'मध्ये त्याने तळ्याकाठचं ते गाव आणि एक जमीनदार जज्ज पुन्हा उभा केला. या जज्जाची इस्टेट मात्र शेवटपर्यंत शाबूत राहते.