जीपमधले स्पीकर आणि कुर्डीची वाट

"टेप खराब झाली रे," असं बाबा म्हणाले आणि तिथून हे सगळं प्रकरण सुरू झालं.

टेप म्हणजे आता टेप नव्हेच. मोगूबाई कुर्डीकरांच्या गाण्याची एक जुनी कॅसेट आमच्या घरी होती. आकाशवाणीवर लागलेलं गाणं काकांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरून घेतलेलं. मध्येच कोंबडा आरवतो, कोणीतरी खोकतं, एकदा तर आजीची हाकही ऐकू येते. कॅसेटचा प्लेअर गेला तेव्हा मी ते गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. बाबा मात्र अजून त्याला टेपच म्हणतात.

बाबा कुर्डीचे. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. मला आठवतो तो फक्त ट्रकवर चढवलेला पाट्या-वरवंटा आणि त्यावर बसलेली आई. पुढचं आयुष्य वालकिणीच्या वसाहतीत गेलं. मोगूबाईंचा जन्म १९०४ सालचा, याच कुर्डीतला. लहानपणीच आईबरोबर त्या गाव सोडून नाटक मंडळीत गेल्या, पुढे सांगलीला अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली, १९७४ साली पद्मभूषण झाल्या, २००१ साली गेल्या. बाबांनी त्यांना आयुष्यात एकदाही पाहिलं नाही. पण गाव बुडाला आणि त्यांच्या आडनावात राहिला, एवढं नातं बाबांना पुरेसं आहे. दर रविवारी सकाळी चहाबरोबर ती कॅसेट लागायची. हल्ली दोनतीन वर्षांत ती लागेनाशी झाली. विचारलं तर एकच उत्तर: टेप खराब झाली.

मी ऐकून पाहिली. होती तशीच होती. कोंबडासुद्धा जागेवर होता!

त्याच सुमारास मी एक जुनी जीप घेतली. जीप म्हणजे चारही चाकांना जोर देता येतो अशी, कापडी छताची गाडी. सरकारी कारकुनाने असले शौक करू नयेत हे बायकोचं म्हणणं मला मान्य आहे. पण मे महिन्यात साळावलीचं पाणी ओसरलं की कुर्डी पुन्हा वर येते, आणि त्या भेगाळलेल्या, मध्येच चिखल असलेल्या जमिनीवरून बाबांना देवळापर्यंत नेता यावं असं मनात होतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाला किती चालवणार? आणि तिथे पोचेपर्यंत गाडीत मोगूबाईंचं गाणं लावावं, अशी एक हौस. कल्पना मला फार आवडली होती.

पहिल्याच फेरीत तिचा फज्जा उडाला. केप्याच्या बाहेर पडलो, गाडीने वेग घेतला आणि गाणं नाहीसं झालं. खाली डिझेलचं इंजिन, रुंद खाचांचे टायर, वर फडफडणारं कापड. आवाज वाढवला तर स्पीकर भरभरायला लागले. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सांगितलं ना, टेप खराब झाली."

या गाड्यांना कारखान्यातून येणारे स्पीकर साधेच असतात, आणि त्याला कारणं आहेत. अशी गाडी लोक डोंगरासाठी आणि चिखलासाठी घेतात, गाणं ऐकण्यासाठी नव्हे. स्पीकरवर खर्च केलेला कोणाला दिसत नाही. माझ्या गाडीत दोन्ही दारांत ६.५ इंचांचा एकेक कागदी शंकूचा स्पीकर होता, तोंड प्रवाशाच्या गुडघ्याकडे. गाडी अनेक पावसाळे खाल्लेली. कागदाला बुरशी धरून तो पोह्याच्या पापडासारखा मऊ झालेला.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. एका दुकानात जाऊन मागच्या सीटखाली सबवूफर बसवून घेतला. बारा हजार गेले. घरी येऊन बाबांना गाडीत बसवलं आणि गाणं लावलं. तबल्याचा बायाँ असा घुमला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. बाबा दोन मिनिटं गप्प बसले आणि उतरता उतरता म्हणाले, "शिगम्याचा ढोल यापेक्षा बरा. तो निदान उघड्यावर वाजवतात."

मडगावचा एक पोरगा गाड्यांना स्पीकर बसवून देतो असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. पंचविशीतला मुलगा, कानात डूल, टी-शर्टवर कवटी. माझ्यासारख्याने त्याच्याकडे मोगूबाई घेऊन जावं का, असा प्रश्न मला पडलाच. त्याने गाडी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, ऐकणार कोण?"

मी सांगितलं, वडील, वय ऐंशीच्या आसपास. दुसरा प्रश्न, "आणि ऐकणार काय?" मी पेन ड्राइव्ह दिला. त्याने गाडी बंद केली, डोळे मिटून पाचेक मिनिटं ऐकलं. मग म्हणाला, "सर, यात खालचं काही नाही आणि वरचंही काही नाही. सगळं मधलंच आहे. तुम्ही पैसे खालच्यावर घातलेत."

मग त्याने जे समजावलं ते मी माझ्या कलाशाखेच्या डोक्याने असं समजलो. मध्यम लहरींच्या रेडिओवरून भरलेल्या गाण्यात साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच, असते ती खरखर. बाईचा गाता आवाज आणि त्याची ओळख पटवणारे अंश मधल्या पट्ट्यात असतात. गाडीची घरघर असते खालच्या पट्टीत. ती मोठी झाली की वरच्या बारीक स्वरांना झाकून टाकते. म्हणजे मी बारा हजार रुपये देऊन इंजिनाच्याच बाजूने आणखी एक माणूस उभा केला होता!

सबवूफर त्याने अर्ध्या किमतीत परत घेतला. मग काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या. एकीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० वॅट. दुसरीवर ६० वॅट, पण तो सतत पेलता येणारा भार. तो म्हणाला, मोठे आकडे क्षणभराचे असतात, ते बघू नका. एकाच जोरावर कुठला स्पीकर जास्त बोलतो ते बघा. पहिल्याची संवेदनक्षमता होती ८८ डेसिबल, दुसऱ्याची ९१. तीन डेसिबलचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तेवढा वाढवायचा तर अँप्लिफायरचा जोर दुप्पट करावा लागतो. दुसरी जोडी स्वस्तही होती. शंकू प्लास्टिकचा, कडेला रबर, म्हणजे आमच्या पावसाला टिकणारी.

पण खरं काम स्पीकरचं नव्हतंच, दाराचं होतं. त्याने आतलं आवरण काढलं तेव्हा मला दार पहिल्यांदा कळलं. बाहेरचा पातळ पत्रा, आतला भोकं पडलेला पत्रा, मध्ये पोकळी. स्पीकरचा शंकू पुढे जितका आवाज ढकलतो तितकाच मागे, आणि मागचा आवाज त्या भोकांतून फिरून पुढे आला की दोघे एकमेकांना खातात. त्याने बाहेरच्या पत्र्याला आतून रबरासारखे जड तुकडे चिकटवले, भोकं बंद केली, स्पीकरखाली प्लास्टिकचं कडं घट्ट बसवलं. दाराच्या तळाची छोटी भोकं मात्र तशीच ठेवली. "ती बुजवली तर पाणी आत साठतं आणि दार कुजतं. गोव्यात हे आधी बघायचं," तो म्हणाला. मग पत्र्यावर टिचकी मारून दाखवली. आधी डब्यासारखा वाजणारा पत्रा आता लाकडासारखा बद्द वाजत होता.

जुन्या स्पीकरांतला एक उलटा जोडलेला निघाला. दीड व्होल्टची साधी बॅटरी तारांना क्षणभर टेकवायची. अधिक टोकाला अधिक असेल तर शंकू बाहेर येतो, उलटं असेल तर आत जातो. एक बाहेर आणि एक आत असले की गाणारा कुठे बसलाय तेच कळत नाही. कुणीतरी कधीतरी ही चूक केली होती आणि गाडी इतकी वर्षं तशीच गात होती. बारीक स्वरांचे छोटे स्पीकर त्याने पुढच्या काचेच्या खांबांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावले. डावीकडचा किंचित बाबांच्या सीटकडे वळवला. शेवटी म्हणाला, "सर, एवढं करूनही इंजिन इंजिनच राहणार. छत कापडी आहे. गाणं खरं ऐकायचं असेल तर गाडी बंद करा."

मे महिन्यात आम्ही कुर्डीला गेलो. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगतो, तिथे हिरवं काही नसतं. मातीचा लालसर माळ, माडांचे काळे खुंट, घरांची जोती, कुठे विहिरीचं कडं. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, चॅपेलचं फेस्तही होतं, आणि कुठे कुठे विखुरलेली माणसं त्या दिवशी आपापल्या जोत्यावर येऊन उभी राहतात. आम्ही मुद्दाम उत्सवाच्या आदल्या दिवशी गेलो, गर्दी नको म्हणून. बाबांनी बोट दाखवलं तशी गाडी वळवत गेलो. ही आमची वाट, इथे काजूचं झाड, त्या बाजूला मोगूबाईंचं घर. मला सगळा माळ सारखाच दिसत होता.

आमच्या जोत्यापाशी थांबलो. वाटभर गाणं चालू होतं आणि बाबा वाटभर गप्प होते. मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

आणि तो आवाज एकदम समोर आला. काही नवं नव्हतं त्यात. तोच ख्याल, तीच खरखर. पण आवाज स्वच्छ, मधोमध, जणू काचेपलीकडे कोणी बसून गातंय. बाबा पुढे झुकले. डावा कान त्या छोट्या स्पीकरच्या अगदी जवळ नेला. कोंबडा आरवला तेव्हा हसले. मग आजीची हाक आली.

"आवय," ते म्हणाले.

हाक त्यांच्याच नावाची होती. इतकी वर्षं ती टेपमध्ये होती, मला ती फक्त एक हाक वाटायची. ज्या जोत्यासमोर आम्ही उभे होतो, त्याच घरात ती रेकॉर्ड झाली होती. हे मला माहीत असायला हवं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

गाणं संपल्यावर बाबा बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "टेप बरी आसा रे. कानच गेल्यात म्हजे."

पुढच्या आठवड्यात कान तपासायला स्वतःहून आले. दोन वर्षं मी आणि आई ज्यासाठी मागे लागलो होतो त्यासाठी! आलेखावर खालच्या स्वरांची रेघ बरी होती. दोन हजार हर्ट्झच्या पुढे ती घाटासारखी उतरत गेली होती. वयाबरोबर असंच होतं, तिथल्या बाईंनी सांगितलं, आधी वरचे स्वर जातात. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. माणसाला वाटतं, लोकच नीट बोलत नाहीत.

किंवा टेप खराब झाली, असं वाटतं. आणि आम्ही काय करत होतो? टेप चांगली आहे हे त्यांना पटवत होतो, आवाज वाढवत होतो, आणि तो वाढला की शेजारचा कुत्रा भुंकत होता.

आता बाबांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. ती त्यांना आवडत नाहीत. जेवताना काढून ठेवतात, भांड्यांचा आवाज फार होतो म्हणतात. रविवारी सकाळी मात्र यंत्रं कानात घालून खाली जीपमध्ये जाऊन बसतात. घरात चांगला प्लेअर आहे, तरी तिथेच. आई चहा खालीच नेऊन देते. गाडी अर्थात बंद असते. बॅटरी उतरते म्हणून मी एकदोनदा कुरकुर केली, मग सोडून दिली. तास-दीड तासाचा प्रश्न आहे, आणि सोमवारी गाडी सुरू झाली नाही तर ढकलायला मी आहेच.